पुढच्या रांगांची हिरवळ

त्या खुल्या नाट्यगृहात खुर्च्या नव्हत्या. रंगमंचासमोर जमीन उतरती होती आणि त्या उतारावर हरळीची दाट, आखूड कापलेली हिरवळ. प्रेक्षक पायांतलं काढून थेट तिच्यावर बसत. म्हातारी माणसं घरून उशी घेऊन येत, पोरं वरून घरंगळत खाली येत आणि आया त्यांना दंडाला धरून पुन्हा वर नेत. समोर पडदा नसल्यामुळे नट बाहेर पाऊल टाकायचा तेव्हा त्याला आधी दिसायची ती हिरवळ आणि मग माणसं. चांगले चांगले नट सांगत, की पोटात गोळा आला तरी त्या गवताकडे पाहिलं की श्वास जागेवर येतो. तिथे टाळ्या पडल्या त्या नटांना, गाणाऱ्यांना, एकदा तर नुसत्या दिव्यांच्या करामतीला. हिरवळीला कुणी टाळी दिल्याचं मात्र ऐकिवात नाही.

ती राखायची थोरली. नाट्यगृहातले शिपायापासून व्यवस्थापकांपर्यंत सगळे तिला थोरलीच म्हणत, कारण तिच्याबरोबर तिची धाकटी जाऊ असायची आणि ती धाकटी. हिरवळ लावली होती त्यांच्या सासऱ्यांनी. पुढे ती थोरलीच्या नवऱ्याकडे आली, आणि तो गेल्यावर, कुणी ठराव न करता, तिच्याकडे. धाकटीचा नवरा ट्रकवर. महिन्यातून दोनदा घरी आला तर पाहुण्यासारखा त्याचा थाट. तेव्हा धाकटीही कामाला येऊ लागली. थोरली उंच, हाडापेरानं मोठी, बोलायला काटकसरी. धाकटी ठेंगणी, आणि तोंडाचा पट्टा असा की नळ बंद झाला तरी पाईपमधून पाणी ठिबकत राहावं.

दोघींचं पहिलं काम दव पुसण्याचं. उजाडलं की गवताच्या प्रत्येक पात्यावर दवाचा थेंब बसलेला असायचा. तो दिसायला सुरेख, पण गवताला वाईट. पात्यावर पाणी जितका वेळ टिकेल तितकी बुरशीची सोय. म्हणून एक लांब, जाड दोरी घ्यायची, उताराच्या या कडेला एकीने धरायची, त्या कडेला दुसरीने, आणि वरपासून खालपर्यंत गवतावरून ओढत न्यायची. दोरीखाली पाती वाकत, थेंब निसटत आणि मागे गडद पट्टा उमटत जाई. हे काम एकटीला जमणारं नव्हतं. जावाजावा आणि उभा दावा म्हणतात. यांचा दावा आडवा होता आणि दोरीएवढा लांब. दोघींना बोलायचं झालं तर ओरडावं लागे. त्यामुळे घरातली भांडणं सकाळी गवतावर निघत आणि रंगमंच झाडणारा माणूस झाडू टेकवून ती फुकटात ऐके.

आदल्या वर्षी मात्र भांडणापलीकडचं काही घडलं होतं. गरमी ओसरून हवा गार होऊ लागली आणि हिरवळीवर गोल डाग उमटले. आधी ताटाएवढे, मग गाडीच्या चाकाएवढे, मग एकमेकांत मिसळलेले. आत गवत पेंढ्यासारखं, कडेला तांबूस वलय. हंगामभर लोक डाग टाळून बसले. वरून पाहिलं तर प्रेक्षागृहाला कसर लागल्यासारखं दिसे. व्यवस्थापक भला माणूस होता. चहाची कपबशी हातात घेऊन उतारावर आले आणि म्हणाले, "थोरले, यंदा मी सांभाळून घेतलं. पुढच्या वर्षी पुन्हा असं झालं, तर ही हिरवळ कंत्राटदाराकडे द्यावी लागेल. वरून तसं आलंय. मग तुम्हा दोघींसाठी इथे काही उरणार नाही."

थोरलीने त्याच दिवशी डागाच्या कडेचं गवत मुळांसकट काढलं, ओल्या कागदात गुंडाळलं आणि शेतकी कॉलेज गाठलं. तिथल्या बाईंनी ते भिंगाखाली पाहिलं आणि तिला बसवून घेऊन नीट समजावलं. हरळी म्हणजे उन्हातलं गवत. ऊन असेपर्यंत ती खाते-पिते, फोफावते. हवा गार झाली की सुस्तावते. अशा वेळी तिला खत घातलं तर कोवळी, पाणीदार पाती फुटतात आणि जेवण बुरशीला मिळतं. मुळांशी वाळक्याचा थर साचू द्यायचा नाही, संध्याकाळी पाणी द्यायचं नाही, बोथट पात्याने गवत फाडायचं नाही. औषध मारायचं तर डाग दिसायच्या आधी, हवा बदलायला लागली की. "डाग दिसला म्हणजे खेळ अर्धा होऊन गेला," बाई म्हणाल्या. थोरलीला हे इतकं पटलं की ती परत येईपर्यंत बसमध्ये ओठ हलवत पाठ करत होती.

आणि मग तिने ते ज्ञान गाठीला बांधलं ते बांधलंच. धाकटीला मिळाले नुसते हुकूम.

"संध्याकाळी नळाला हात लावायचा नाही."

"का?"

"सांगते ते कर."

"हवा गार व्हायला लागली की युरियाच्या गोणीकडे फिरकायचं नाही."

"का पण?"

"तुला प्रत्येक गोष्टीची मुळं उपटून बघायची सवयच आहे. कर म्हटलं की करावं."

धाकटीने केलं. उन्हाळाभर दोघींनी दाताळ्याने गवताच्या बुडातला वाळका थर ओढून काढला, पोत्यांवर पोती भरली. गवत कापायच्या मशीनची पाती धार लावून आणली. पाणी पहाटे दिलं, म्हणजे दिवसा पाती सुकायला वेळ मिळे. हवा बदलू लागल्यावर थोरलीने पंप पाठीला लावून औषध मारलं. या सगळ्याचं फळ काय? काही नाही. म्हणजे अक्षरशः काही नाही: डाग नाहीत, वलयं नाहीत, कुणाच्या तोंडी हिरवळीचं नाव नाही. न झालेल्या रोगाची वार्ता कोण करणार? थोरलीला तेवढंच हवं होतं. हंगाम सुरू व्हायला थोडे दिवस उरले होते आणि ती रोज उतारावरून अशी चाले, जणू झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या खोलीतून चालते आहे.

त्याच सुमारास ती मशीनची पाती पुन्हा धारेला घेऊन बाजारात गेली. इकडे पहिल्या नाटकाचे दिग्दर्शक दिव्यांची तालीम बघायला आले. रंगमंचाच्या कडेवर उभे राहून त्यांनी डोळे बारीक केले आणि खाली गवत वेचणाऱ्या धाकटीला म्हणाले, "बाई, हे पुढचं गवत फार फिकं दिसतंय हो. दिव्यांत आजारी वाटेल." ते सहज बोलले आणि चहाला गेले. दिग्दर्शक मंडळींची वाक्यं अशीच असतात. ते बोलून मोकळे होतात, आणि दुसरं कुणीतरी त्यावर जागतं.

पुढचं गवत फिकं होतं खरं. ऊन उतरलं की हरळी फिकटते. पण धाकटीला ते कुणी सांगितलं होतं?

आठवड्याभरात पुढच्या रांगांची जागा अशी काही हिरवी झाली, की कामगार येता-जाता थांबून बघू लागले. दिग्दर्शकांनी थोरलीला हाक मारली. "वा! याला म्हणतात हिरवळ! जादू केलीत."

थोरलीने मान डोलावली. तिने जादू केली नव्हती. ती खाली गेली, वाकली. पाती लुसलुशीत, रसाळ, बोटांत धरली तर चिरडणारी. हिरवा रंग सारखा नव्हता; तो पंख्यासारख्या पट्ट्यांत उमटला होता, हाताने फेकल्यासारखा. आणि प्रत्येक पंखा डावीकडून सुरू होऊन वळला होता. पूर्ण नाट्यगृहात डावखुरं माणूस एकच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोरी गवतावर पडली तरी थोरलीने पाऊल उचललं नाही.

"पुढे युरिया कुणी टाकला?"

"कुठे?" त्या कडेवरून आवाज आला.

"चंद्रावर."

दोरीचं ते टोक जरा सैल झालं. "मीच टाकला. छान झालंय की! स्वतः दिग्दर्शक म्हणाले. तुम्ही वर्षभर राबलात, पण असं हिरवं निघालं का?"

"गोणीला हात लावू नकोस म्हणून सांगितलं होतं ना तुला?"

"सांगितलं होतं. गवत उपाशी दिसलं, दोन घास घातले. पाप लागलं का?"

"अगं, ते उपाशी नव्हतं, पेंगत होतं! पेंगणाऱ्याच्या तोंडात घास कोंबलास तू. आता ते पचवणार नाही, बुरशी पचवेल. मागच्या वर्षीसारखे डाग पडले तर काय होईल ठाऊक आहे ना?"

धाकटी गप्प बसली की रंगमंच झाडणारा माणूससुद्धा घाबरायचा. त्याने झाडू टेकवला.

मग धाकटी दोरी टाकून तरातरा चालत मधोमध आली. डोळे भरलेले, पण आवाज चढलेला. "मग हे आधी का नाही बोललात, जाऊबाई? गोणीला हात लावू नको, एवढंच म्हणालात. मला वाटलं, काटकसर चालली आहे. सासूबाई नाही का साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवायच्या, तशी. आपण दोघी स्टूल लावून काढायचो की नाही? मी पुन्हा तेच केलं! का नको ते एकदा सांगितलं असतंत, तर माझा हात झडला असता पण गोणीला लागला नसता."

बसमध्ये पाठ केलेलं ते सगळं थोरलीने वर्षभर एकटीने बाळगलं होतं. कशासाठी? सासऱ्यांनी तिच्या नवऱ्याला असंच शिकवलं होतं, नवऱ्याने तिला. कर म्हटलं की करावं. शिवाय, खरं सांगायचं तर, आपल्याला एकटीलाच ठाऊक आहे यात तिला थोडी ऊबही वाटत होती.

"दोरी उचल," ती शेवटी म्हणाली. "दव वाळायच्या आत हा भाग दोनदा पुसू. आणि ऊन वर आलं, पाती सुकली, की पुढचं कापायचं. कापलेलं तिथे पडू द्यायचं नाही, पोत्यात भरून लांब नेऊन टाकायचं. का ते विचार."

"का?" धाकटीने नाक पुसलं.

"पात्यांत चढलेला युरिया पात्यांबरोबर बाहेर जाईल. सगळा नाही, पण जाईल तेवढा जाईल. आणि मशीन पुढून वर न्यायच्या आधी धुवायचं. का?"

"पात्यांना चिकटून रोग वर येईल म्हणून?"

"तुला तर सगळं येतंय."

"मग एवढे दिवस विचारत काय होते मी!"

ते सगळं त्यांनी केलं. पुढच्या भागावर औषधही पुन्हा मारलं. पण एक गोष्ट त्यांच्या हातात नव्हती. पहिल्या प्रयोगाला पुढे पाहुणे बसणार, पाय टेकणार, त्या कोवळ्या गवताचा चेंदा करणार आणि उठून सगळ्या उतारावर चालणार. पुढची जागा बंद ठेवायला हवी होती, आणि ते सांगायचं म्हणजे व्यवस्थापकांना कारण सांगायचं. धाकटी हंगामी कामावर; तिचं नाव आलं तर तिला काढायला एक वाक्य पुरलं असतं. थोरली जिन्याच्या पायऱ्या चढताना मनाशी ठरवत गेली.

व्यवस्थापकांच्या खोलीत जुन्या प्रयोगांची पोस्टरं, मोडका तंबोरा आणि खिडकीत वाळत टाकलेला त्यांचा टॉवेल.

"पुढची जागा बंद?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "पहिल्या प्रयोगाला? थोरले, तिथे उद्घाटनाचे पाहुणे बसतात. त्यांना काय झाडावर बसवू?"

"युरिया जास्त पडलाय. गवत नाजूक झालंय. तुडवलं तर डाग धरेल आणि पायांबरोबर वर जाईल."

"कुणी टाकला?"

"मी."

"खोटं आहे!" दारातून आवाज आला. धाकटी पाठीवर पंप तसाच घेऊन जिना चढली होती. धापा टाकत होती. "त्या थापा मारतायत. दिग्दर्शकांना गवत फिकं वाटलं म्हणून मी टाकला."

"तू गप्प बस. पंप खाली ठेव, गळतोय," थोरली म्हणाली.

"तुम्हाला कुणी देवी व्हायला सांगितलंय? माझी चूक, मीच सांगणार!"

व्यवस्थापकांनी एकीकडून दुसरीकडे पाहिलं. "गोणी एक, आणि टाकणाऱ्या दोघी? म्हणजे उरलं का काही गोणीत?"

"साहेब, पुरावा आहे," धाकटी म्हणाली. "चला खाली, बघा. सगळे पट्टे डावीकडून वळलेत. या टाकतात उजव्या हाताने. यांनी टाकलं असतं तर उलटे वळले असते. माझ्या चुकीवर माझा हात उमटलाय."

व्यवस्थापक हसले नाहीत, पण त्यांचा चष्मा कपाळावरून नाकावर घसरला. त्यांनी खिडकीतून उताराकडे पाहिलं. मग म्हणाले, "पाहुण्यांना मी वर बसवतो. त्यांची बोलणी मी खाईन. पण मी तेव्हा बोललो होतो ते अजून तसंच आहे. डाग सगळीकडे पसरले, तर मी काही करू शकणार नाही. आणि एकसुद्धा डाग दिसला तरी मला आधी कळलं पाहिजे. लोकांकडून नाही, तुमच्याकडून."

पहिला प्रयोग झाला. पुढच्या रांगांच्या जागेभोवती सुतळी बांधली होती. रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामध्ये रिकामी, झळझळीत हिरवी नदी! पाहुणे वर बसून कुरकुरले. नटांना आवाज नेहमीपेक्षा लांब फेकावा लागला. पण विनोदी काम करणारा एक म्हातारा नट कडेपर्यंत पुढे आला, रिकाम्या जागेकडे वाकून पाहत म्हणाला, "पुढची मंडळी फार शिस्तीची दिसतायत. खोकत नाहीत, उठत नाहीत, सगळी कशी ताठ बसलीयत!" आणि हशा असा उसळला की पाहुणेही त्यात वाहून गेले. प्रेक्षकांच्या मागे, नळापाशी उभी असलेली धाकटी सगळ्यांत मोठ्याने हसली. थोरली हसली नाही. ती हवेचा अंदाज घेत होती. वारा पडला होता आणि गारवा उतरत होता. डाग धरायला याहून चांगली हवा मिळाली नसती.

पुढचे दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. धाकटी मात्र सारखी प्रश्न विचारत राही. डाग गोलच का? बुरशी उन्हाळ्यात कुठे जाते? वरचं गवत फिकं आहे ते बरं की वाईट? थोरली उत्तरं देई, आणि देता देता तिच्या लक्षात येई की काही उत्तरं तिलाही येत नाहीत. "ते बाईंना विचारावं लागेल," ती म्हणे. हे वाक्य धाकटीने तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

मग एका सकाळी दोरी ओढताना धाकटी थांबली. सुतळीच्या आत, मधल्या पट्ट्यात, बशीएवढा गोल. आत वाळकं, कडेला तांबूस.

दोघी त्याच्या बाजूला उकिडव्या बसल्या. धाकटी हळू म्हणाली, "ताई, एवढासाच आहे. खुरप्याने उचलून टाकू. रंगमंचामागचा चांगला तुकडा काढून इथे बसवू. देवालासुद्धा कळणार नाही."

खुरपं तिथेच होतं. काम थोडक्यात झालं असतं, आणि वाईट कामही नव्हतं. रोगट तुकडा काढणं योग्यच होतं. थोरलीने खुरपं उचललं, हातात तोललं आणि धाकटीकडे दिलं. "काढू. पण साहेबांनी बघितल्यावर. जा, बोलावून आण."

"मी?"

"शोध तुझा आहे."

व्यवस्थापक आले ते झोपेतल्या कपड्यांवर कोट चढवून. वाकले, गोल पाहिला. "एवढाच?"

"आज एवढाच," थोरली म्हणाली. "दोन-तीन आणखी येतील. या पट्ट्यातच येतील, जिथे खत पडलं तिथे."

"आणि वर?"

"तुम्हीच बघा."

त्यांनी चपला काढल्या. हात मागे बांधून ते सगळा उतार चढून गेले, कडेकडेने, मग मधून, मधेच थांबून पायाने गवत चाचपत. दोघी खाली उभ्या. धाकटीने थोरलीचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटांचे वळ उमटले. वर कुठेही काही नव्हतं. फिकट, आखूड, कोरडी, निरोगी हरळी, दिसायला सामान्य. व्यवस्थापक खाली आले तेव्हा त्यांचे पाय गार पडले होते आणि चेहरा मोकळा झाला होता.

"मागच्या वर्षी या दिवसांत हे सगळं गेलं होतं," ते म्हणाले. "कंत्राटदाराला कळवतो. हिरवळ तुमच्याकडेच राहील. पुढचा पट्टा दुरुस्त करा, हंगामभर बंद राहिला तरी चालेल." मग चपला पायांत सरकवताना धाकटीकडे वळून, "आणि दिग्दर्शकांना गवत फिकं वाटलं तर त्यांना माझ्याकडे पाठवायचं."

थोरलीने गोलाच्या कडेने खुरप्याची रेघ ओढून दिली आणि धाकटी डाव्या हाताने माती कापू लागली.

त्या हंगामात एक सकाळची गाण्याची मैफल ठरली. आदल्या संध्याकाळी रंगमंचावरची माणसं मोठमोठ्या सतरंज्या खांद्यावर घेऊन उतारावर आली. पाहुण्यांचे कपडे दवाने भिजू नयेत म्हणून त्या आताच अंथरून ठेवायच्या होत्या. थोरली नळापाशी पाईप गुंडाळत होती. ती काही म्हणायच्या आत धाकटी हात पसरून आडवी उभी राहिली.

"कुठे निघालात पांघरूण घेऊन?"

"रात्रीच घालून ठेवतो. सकाळी घाई नको."

"घाई नको! पांघरुणाखाली रात्रभर काय होईल, माहीत आहे? गवताला घाम येईल. बुटांत ओले पाय ठेवले की काय येतं? काढ रे तुझा बूट, दाखव सगळ्यांना! तेच इथे येईल. बुरशीला पाय नसतात, ती तुमच्या पायांवर बसून फिरते, आणि दमट जागा मिळाली की एका रात्रीत, एका रात्रीत हा अख्खा उतार गिळून ढेकर देते!"

माणसं दोन पावलं मागे सरली. एकाने खरंच आपल्या बुटाकडे पाहिलं.

बुरशी एका रात्रीत काही गिळत नाही. त्याला दिवस लागतात. थोरलीचं तोंड उघडलं. धाकटी हात पसरून तशीच उभी होती, मान वर, आवाज शेवटच्या ओळीपर्यंत पोचलेला. थोरलीने तोंड मिटलं आणि पाईप गुंडाळायला घेतला.

सतरंज्या गोदामात परत गेल्या. सकाळी दव पुसून, ऊन येऊन गवत सुकल्यावर दोघींनीच त्या अंथरायला हात लावला.